विज्ञान व पर्यावरण प्रबोधनाची दृक्‌श्राव्य भाषा : मानखुर्द-देवनारच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

विज्ञानाचा प्रसार आणि पर्यावरणविषयक जाणीवजागृती या दोन्ही कार्यांसाठी दृक्‌श्राव्य माध्यमाचा उपयोग भारतात नवा नाही. चित्रपटगृहातील माहितीपट, दूरदर्शनवरील मालिका, शाळेत दाखवली जाणारी चित्रफीत आणि आता भ्रमणध्वनीवर येणारा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ असा या माध्यमाचा प्रवास झालेला आहे. या प्रवासाविषयी लिहिताना बहुधा माध्यमाच्या व्याप्तीचा गौरव केला जातो. किती गावे, किती प्रेक्षक, किती भाषा, हे आकडे दिले की लेख पूर्ण झाला असे मानण्याची पद्धत आहे. चित्रफितीने नेमके काय दाखवले, काय दाखवायचे टाळले आणि पाहणाऱ्याला त्यातून कशाचा उलगडा झाला, या प्रश्नांची चिकित्सा मराठीत फारशी आढळत नाही. कवितेची आणि नाटकाची समीक्षा होते. विज्ञानविषयक चित्रफितीला मात्र ‘उपयुक्त’ असे प्रशस्तिपत्र देऊन समीक्षक मोकळा होतो. वास्तविक जी कृती उपयुक्त असल्याचा दावा करते, तिला त्या दाव्याच्या कसोटीवर घासून पाहणे हे समीक्षेचे कर्तव्यच ठरते.

प्रस्तुत लेखात या दृष्टीने काही महत्त्वाच्या दृक्‌श्राव्य प्रयत्नांचा विचार केला आहे. विचाराचे स्थान म्हणून मुंबईच्या पूर्व उपनगरातील मानखुर्द निवडले आहे. ही निवड सोयीसाठी केलेली नाही. विज्ञानशिक्षणाची देशातील एक अग्रगण्य संस्था आणि देशातील जुन्या क्षेपणभूमींपैकी एक या दोन गोष्टी येथे एकमेकींपासून काही किलोमीटरच्या आत नांदतात. त्यामुळे विज्ञान आणि पर्यावरण यांच्या दृक्‌श्राव्य मांडणीतील दुरावा येथे जसा उघड होतो, तसा अन्यत्र क्वचितच होत असेल.

मानखुर्दचे दोन शेजारी

टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अंतर्गत १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची स्थापना झाली. प्रारंभी नाना चौकातील महानगरपालिकेच्या शाळेच्या इमारतीत चालणारे हे केंद्र १९९२ मध्ये मानखुर्द येथे वि. ना. पुरव मार्गावरील स्वतःच्या वास्तूत आले. (याच मार्गावर चुनाभट्टीला १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेचे विज्ञान भवन आहे. मराठीतील विज्ञानप्रसाराचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला हा एक रस्ता चालून गेला तरी बरीच सामग्री मिळेल.) केंद्राच्या प्रारंभीच्या कामांपैकी एक काम प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष मोलाचे आहे. व्ही. जी. कुलकर्णी, व्ही. जी. गंभीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विज्ञान शिकताना भाषेचा अडसर किती मोठा असतो याचा अभ्यास केला. पाठ्यपुस्तकातील वैज्ञानिक आशय न उणावता केवळ भाषा सोपी केली, तर मुलांची समज आणि परीक्षेतील यश या दोहोंत वाढ होते, असे त्यातून दिसून आले. मूल विज्ञानात ‘कच्चे’ आहे असे जे समजले जाते, ते पुष्कळदा विज्ञानाच्या भाषेपाशी अडलेले असते. हे निरीक्षण छापील पुस्तकाविषयीचे असले तरी चित्रफितीच्या निवेदनालाही ते तंतोतंत लागू पडते. परंतु दृक्‌श्राव्य क्षेत्रात त्याची दखल घेतली गेल्याचे अभावानेच दिसते.

दुसरा शेजारी म्हणजे देवनारची क्षेपणभूमी. ‘क्षेपणभूमी’ हा महानगरपालिकेचा शब्द. वस्तीत तिला ‘डंपिंग’ असेच म्हणतात. १९२७ पासून येथे मुंबईचा कचरा येत आहे. मानखुर्द, गोवंडी, शिवाजीनगर, देवनार या वस्त्या ज्या एम-पूर्व विभागात मोडतात, तो विभाग २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरातील सर्व विभागांत तळाशी होता. ज्या मुलांना विज्ञानाची सर्वाधिक निकड आहे, कारण ज्या हवेत ती श्वास घेतात तिची उकल त्यांना हवी आहे, ती मुले या विभागात राहतात.

उपग्रहापासून खेळण्यापर्यंत

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात ‘साइट’ या नावाने ओळखला जाणारा उपग्रह दूरदर्शनाचा प्रयोग झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० गावांत थेट कार्यक्रम पोहोचले. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीपासून तयार केलेल्या अँटेना गावागावांत उभ्या राहिल्या. या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण प्रयोगाची जडणघडण ज्यांच्या हातून झाली त्यांत एकनाथ वसंत चिटणीस हे प्रमुख होते, आणि मुलांसाठीच्या विज्ञानकार्यक्रमांच्या निर्मितीचे केंद्र मुंबईत होते. अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राचे तत्कालीन प्रमुख यश पाल हेही मूळचे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ. सकाळच्या प्रक्षेपणात प्रत्येक भाषेच्या वाट्याला साडेबावीस मिनिटे येत असत.

‘साइट’चे तांत्रिक यश सर्वश्रुत आहे. समीक्षेच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची बाब अशी, की या प्रयोगात मूल्यमापन हे निर्मितीच्या शेवटी जोडलेले शेपूट नव्हते. संशोधक प्रत्यक्ष गावांत जाऊन राहिले. कार्यक्रम कोण पाहते, कोण उठून जाते, कशावर हशा होतो, काय अजिबात कळत नाही, याच्या नोंदी त्यांनी केल्या. अर्ध्या शतकानंतर तंत्रज्ञान कितीतरी पुढे गेले. प्रेक्षकाविषयीचे कुतूहल मात्र ‘किती वेळा पाहिला गेला’ या एका आकड्यापर्यंत आक्रसले आहे. मानखुर्दच्या एखाद्या शाळेत चित्रफीत दाखवून झाल्यावर मुलांच्या शेजारी बसून त्यांना काय दिसले हे विचारण्याची तसदी आज कितीजण घेतात?

१९८९ मध्ये दूरदर्शनवर दाखवली गेलेली ‘भारत की छाप’ ही तेरा भागांची मालिका हा या इतिहासातील दुसरा टप्पा होय. चंदिता मुखर्जी यांनी मुंबईतून दिग्दर्शित केलेल्या या मालिकेने भारतीय उपखंडातील विज्ञान-तंत्रज्ञानाचा इतिहास मांडला. शोध लावणाऱ्या थोर व्यक्तींची चरित्रमाला असे तिचे स्वरूप नव्हते. अवजारे, शेती, धातुकाम, विणकाम यांतून ज्ञान कसे घडते, हे तिने दाखवले. कारागिराचा हात ही या मालिकेची खरी प्रतिमा आहे. त्या काळाच्या मानाने ही भूमिका धीट होती आणि आजही ती जुनी वाटत नाही. मालिकेची मर्यादाही सांगावयास हवी. तासाभराच्या भागात मजकूर इतका दाटलेला असतो, की प्रतिमा काही वेळा निवेदनाच्या मागे धावताना दिसते. आणि हिंदीतील ही मालिका मराठी शाळेच्या वर्गापर्यंत पोहोचण्याची वाट कधी रुळली नाही.

अरविंद गुप्ता यांच्या चित्रफितींनी यानंतर एक वेगळीच वाट काढली. आयआयटी कानपूरमधून अभियंता झालेले गुप्ता पुण्यातील टेल्कोत काम करीत असताना १९७८ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाच्या संपर्कात आले. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूब यांतून भूमितीच्या आकृती घडवण्याची त्यांची कल्पना तेथलीच. २००३ पासून २०१४ पर्यंत पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंपासून करावयाच्या खेळण्यांच्या छोट्या चित्रफितींचा मोठा संग्रह उभा केला. त्यांचे निवेदन मराठीसह अनेक भाषांत झाले. २०१८ मध्ये गुप्ता यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले.

या चित्रफितींचे सौंदर्य त्यांच्या काटकसरीत आहे. साधी पार्श्वभूमी, दोन हात, मोजके साहित्य आणि एक-दोन मिनिटांचा अवधी. बॅटरीचा सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबचा रबरी पट्टा, एक चुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे यांपासून फिरणारी मोटर पाहता पाहता तयार होते. निवेदक मधे मधे लुडबुड करीत नाही. चित्राने जे सांगितले ते शब्दाने पुन्हा सांगावयाचे नाही, हा नियम येथे कसोशीने पाळलेला दिसतो. मराठीतील पुष्कळ माहितीपटांना तो अद्याप उमगलेला नाही.

तथापि याच मोटरपाशी थोडे थांबावे लागते. तारेच्या दोन्ही टोकांवरील लाख खरवडताना ती एका बाजूला तशीच ठेवावी लागते. ती चारही बाजूंनी खरवडली तर वेटोळे फिरत नाही, नुसते डुलत राहते. कारण अर्ध्या फेऱ्यानंतर बल उलट्या दिशेने लागते. एका बाजूची लाख फेऱ्याच्या काही भागात प्रवाह तोडते आणि तेवढा वेळ वेटोळे आपल्या वेगाच्या जोरावर पुढे जाते. मोटर फिरण्याचे रहस्य या न खरवडलेल्या कडेत आहे. चित्रफीत ही कृती अचूक दाखवते. पण तिची द्रुतगती अशी, की ‘असे का?’ हा प्रश्न मनात उमटण्याआधीच वेटोळे फिरू लागते आणि पाहणारा आनंदून जातो. कृती अनुकरणीय होते, कारण निसटते. शिक्षक समोर असेल तर तो नेमका येथे थांबेल. शिक्षक नसेल तर चित्रफितीनेच थांबावयास हवे. चारही बाजूंनी खरवडलेल्या तारेचे फसलेले वेटोळे काही क्षण जरी दाखवले असते, तरी हे साधले असते. विज्ञानाच्या चित्रफितीत अपयश दाखवण्याचा संकोच का असावा, हे कोडेच आहे.

आणखी एक मुद्दा मानखुर्दच्या संदर्भात उपस्थित होतो. ‘कचऱ्यातून खेळणी’ या कल्पनेत कचरा म्हणजे घरातील स्वच्छ, रिकामी, निरुपद्रवी वस्तू असते. शिवाजीनगरच्या मुलाला कचऱ्याचा जो अर्थ ठाऊक आहे तो निराळा आहे. त्याच्या घरात बाटली आणि तार ही वजनावर विकली जाणारी मालमत्ता असू शकते. हा दोष गुप्ता यांच्या कामाचा म्हणता येणार नाही. त्यांचा हेतू महागड्या प्रयोगशाळेचे भय घालवण्याचा होता आणि तो सफल झाला. पण एकच शब्द दोन वस्त्यांत दोन अर्थांनी ऐकला जातो, याचे भान सार्वत्रिक चित्रफितीला सहसा नसते.

धूर आणि धुमसणे

जानेवारी २०१६ च्या अखेरीस देवनारच्या क्षेपणभूमीत मोठी आग लागली. अनेक दिवस धूर शहरभर पसरत राहिला. नासाच्या उपग्रहचित्रांतही तो टिपला गेला. परिसरातील महानगरपालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मार्चमध्ये पुन्हा आग लागली. या काळात वृत्तवाहिन्यांनी आणि हौशी चित्रणकारांनी टिपलेली दृश्ये हा मुंबईच्या पर्यावरणविषयक दृक्‌श्राव्य सामग्रीचा मोठा साठा आहे. आगीच्या ज्वाळा, कचऱ्याच्या डोंगरावर चढणारे बंब, तोंडाला रुमाल बांधलेली माणसे, आकाशातून दिसणारा करडा पट्टा. यांतील एकही प्रतिमा खोटी नाही. प्रश्न असा, की या प्रतिमा पाहून कोणाला काय कळले?

कचऱ्याचा डोंगर पेटतो म्हणजे काय होते? ओला कचरा थरांखाली दाबला गेला की तेथील प्राणवायू संपतो. मग प्राणवायूविना जगणारे जीवाणू त्याचे विघटन करू लागतात आणि त्यातून मुख्यतः मिथेन व कार्बन डायऑक्साइड हे वायू निर्माण होतात. हवेत मिथेनचे प्रमाण सुमारे ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान आले की ते मिश्रण ठिणगीने पेट घेते. वरची ज्वाळा पाण्याने विझते, पण भेगांतून जेमतेम हवा मिळत असलेला आतला थर ज्वाळेविना जळत राहतो. पाणी तेथवर पोहोचत नाही; म्हणूनच विझलेली आग पुन्हा दिसू लागते आणि माती वा राडारोडा टाकून हवा तोडावी लागते. या अवस्थेसाठी मराठीत ‘धुमसणे’ हा अत्यंत नेमका शब्द आहे. चुलीपाशी वावरलेल्या कोणालाही तो समजतो. तरीही अशा विषयावरील निवेदनात ‘अपूर्ण ज्वलनाची प्रक्रिया’ हाच प्रयोग कानी पडतो. ‘आंबणे’, ‘कुजणे’, ‘धुमसणे’ ही क्रियापदे बाजूला सारून ‘विनॉक्सी विघटन’ आणि ‘ज्वलन’ ही नामे पुढे केली, की चित्र पाहणाऱ्याचा अनुभव आणि त्याला मिळणारे स्पष्टीकरण यांची फारकत होते. पारिभाषिक संज्ञा अनावश्यक आहेत असे येथे म्हणावयाचे नाही. ओळखीच्या क्रियापदाच्या हाताला धरून संज्ञा आली तर ती टिकते. एकटी आली तर परीक्षेपुरती राहते. होमी भाभा केंद्राच्या भाषाविषयक संशोधनाचे बोट नेमके याच ठिकाणी होते.

हिवाळ्यात धूर वस्तीवर का साचून राहतो, हा दुसरा प्रश्न. थंड पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची हवा तुलनेने उबदार असते. जड, गार थर खालीच राहतो आणि धूर त्यात अडकतो. ऊन तापले की तो वर उचलला जातो. हे एका मिनिटात दाखवता येते. काचेच्या दोन बरण्या घ्याव्यात, एक बर्फात गार केलेली आणि दुसरी कोमट. गार बरणीत उदबत्तीचा धूर भरून तिच्यावर पुठ्ठ्याचे झाकण ठेवावे, त्यावर कोमट बरणी उपडी घालून पुठ्ठा अलगद ओढून घ्यावा. धूर खालच्या बरणीतच राहतो. कोमट बरणी खाली ठेवून हाच प्रयोग केला तर धूर वर चढतो. गुप्ता यांच्या पद्धतीचा हा प्रयोग देवनारच्या पहाटेच्या दृश्याला जोडून दाखवला, तर पाहणाऱ्या मुलाला आपल्या खोकल्याची वेळ आणि हवेचे तापमान यांचा संबंध लावता येईल. विज्ञानाच्या चित्रफितीत कारण असते पण स्थळ नसते. पर्यावरणाच्या चित्रफितीत स्थळ असते पण कारण नसते. या दोन प्रवाहांचा संगम मानखुर्दलाही होऊ नये, ही या क्षेत्रातील खरी उणीव आहे.

उणिवेचे मूळ काही अंशी निर्मितीच्या व्यवस्थेत शोधता येते. विज्ञानाच्या चित्रफिती शिक्षणसंस्थांत घडतात, तर पर्यावरणाचे माहितीपट महोत्सवांसाठी. महोत्सवाचा प्रेक्षक धुराच्या दूर राहणारा असतो. त्याच्या मनात कळवळा जागवणे हे यशाचे माप ठरते आणि मग कॅमेरा कचरावेचक स्त्रीच्या चेहऱ्यावर रेंगाळतो. तिच्या हातांकडे तो पाहत नाही. वास्तविक हे हात प्लॅस्टिकचे प्रकार दाबून, वाकवून, आवाजावरून ओळखतात. कोणते प्लॅस्टिक पाण्यावर तरंगते आणि कोणते बुडते यावरून पॉलिथीन आणि पीव्हीसी वेगळे काढता येतात. घनतेचा अख्खा धडा त्यात आहे. ‘भारत की छाप’ने कारागिराच्या हातांना दिलेला मान या हातांना अद्याप कोणी दिलेला नाही.

याच परिसरातील एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात शरद काळे यांनी विकसित केलेल्या ‘निसर्गऋण’ जैववायू संयंत्रात ओला कचरा आधी दळून, गरम पाण्याच्या साहाय्याने हवेच्या सान्निध्यात अर्धवट पचवला जातो आणि नंतर बंद टाकीत सोडला जातो. स्त्री मुक्ती संघटनेने संघटित केलेल्या कचरावेचक महिलांनी अशी संयंत्रे चालवली आहेत. बंद टाकीत जे जीवाणू काम करतात त्याच जातकुळीचे जीवाणू डंपिंगच्या पोटातही काम करीत असतात. एकीकडे त्यांचा वायू चुलीला मिळतो, दुसरीकडे तो हवेत जातो वा पेटतो. एकाच क्रियेची ही दोन रूपे शेजारी शेजारी ठेवणे हे केवळ चलत्‌चित्रालाच शक्य आहे. छापील धड्याला त्यासाठी दोन पाने आणि बरीच कल्पनाशक्ती खर्चावी लागेल.

मराठीत असे काही जमतच नाही, असा निष्कर्ष मात्र घाईचा होईल. टाळेबंदीच्या काळात, जुलै २०२० मध्ये, एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ ही मालिका सह्याद्री वाहिनीवर सुरू झाली. पहिली ते आठवीच्या मुलांसाठीच्या या मालिकेने घर आणि परिसर यांनाच शिकण्याचे साधन केले. बोलण्याची धाटणी घरगुती होती आणि मुले स्वतः करून पाहताना दिसत होती. तिच्यातील घरे बहुधा नीटनेटकी, निवांत, अंगणाची वा गॅलरीची असत, हे खरे. पण भाषेचा प्रश्न तिने बऱ्याच अंशी सोडवला होता. शिवाजीनगर-गोवंडीत मात्र हिंदी-उर्दू बोलणारी मुले मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यासाठी सोपी मराठी हेही अर्धेच उत्तर ठरते, आणि निवेदनाचा भार कमी करून चित्रावर सोपवणारी गुप्ता यांची पद्धत येथे अधिक कामाची वाटते.

देवनारच्या जुन्या कचऱ्याच्या जैवखननासाठी महानगरपालिकेने २०२५ मध्ये निविदा काढली. सुमारे १८५ लाख टन साचलेला कचरा तीन वर्षांत उपसून, चाळून, माती, प्लॅस्टिक, दगडविटा असा वेगळा करण्याची ही योजना आहे. नव्वदहून अधिक वर्षांचे थर उघडे पडणार आहेत. कोणत्या खोलीवर प्लॅस्टिक दिसेनासे होते, कोणता थर अजून उष्ण आहे, कशाची माती झाली आणि कशाची झाली नाही, हे कॅमेऱ्यासमोर येऊ शकेल. त्या थरांपासून हाकेच्या अंतरावर शाळा आहेत आणि काही किलोमीटरवर विज्ञानशिक्षणाचे केंद्र आहे. चित्रण कोणी करावे, निवेदन कोणत्या बोलीत असावे आणि पहिला प्रेक्षक कोण असावा, हे खोदकाम चालू असतानाच ठरवावे लागेल. कारण एकदा चाळणीतून गेलेला थर पुन्हा चित्रित करता येत नाही.